परळ ते टाऊन हॉल : एशियाटिकच्या नाणेसंग्रहाची वाटचाल

२६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये काही विद्याप्रेमी मंडळी जमली आणि ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. सभेमागची प्रेरणा सर जेम्स मॅकिंटॉश यांची. मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे येथील न्यायासनावरचे मुख्य अधिकारी म्हणून ते त्याच वर्षी विलायतेहून आले होते. या देशाविषयीचे ज्ञान जमवावे, ते वाचून दाखवावे, त्यावर चर्चा व्हावी, एवढाच हेतू त्यांनी सभेपुढे ठेवला. परळची ती वास्तू १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांच्या प्लेग प्रयोगशाळेकडे गेली आणि आज ती हाफकिन संस्थेच्या आवारात आहे. परळ-लालबागेत गिरण्यांची धुराडी उभी राहण्याआधी अर्धशतक या परिसरात मुंबईच्या इतिहाससंशोधनाचा पाया घातला गेला, ही गोष्ट गिरणगावाच्या इतिहासातही नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

आज ‘एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई’ म्हणून ओळखली जाणारी ती हीच संस्था. तिच्या ग्रंथालयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दांतेच्या महाकाव्याचे चौदाव्या शतकातील हस्तलिखित हा तर वृत्तपत्रांचा आवडता विषय. मात्र संस्थेकडे सुमारे १२,००० नाणीही आहेत. त्यांत गुप्त सम्राट पहिल्या कुमारगुप्ताचे सोन्याचे नाणे आहे, अकबराची दुर्मीळ मोहोर आहे, शिवछत्रपतींची नाणी आहेत. पश्चिम किनाऱ्याचा रोमन साम्राज्याशी चाललेला व्यापार नाण्यांच्या आधारे समजून घेण्याचे काम गेली पावणेदोनशे वर्षे या संस्थेच्या आश्रयाने झाले, आणि या वाटचालीचा तोच मुख्य विषय आहे.

आरंभीची वर्षे अडचणीची होती. संस्थेला स्वतःची जागा नव्हती. सभासद कंपनी सरकारचे नोकर असल्याने बदली, आजारपण आणि मायदेशी परत जाणे यांमुळे माणसे टिकत नसत. १८११ मध्ये मॅकिंटॉश स्वतःच परतले. त्यानंतरही चिटणीस विल्यम अर्स्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेले. १८१९, १८२० आणि १८२३ अशा तीन वर्षी संस्थेच्या निबंधांचे तीन खंड प्रसिद्ध झाले. पहिल्याच खंडात अर्स्किन यांचा घारापुरीच्या लेण्यांवरचा निबंध आहे. या काळात संस्थेची दारे हिंदी माणसाला बंद होती. ज्या भूमीचा अभ्यास करायचा तिथल्याच माणसांना बाहेर ठेवणारी ही रीत संस्थेच्या इतिहासातला उणा भाग आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढचे परिवर्तन किती मोठे होते हे कळत नाही.

जागेचा प्रश्न टाऊन हॉलने सोडवला, पण तोही सहजासहजी नाही. इमारतीसाठी सोडती काढून पैसा उभारण्याचा प्रयत्न झाला. काम १८२१ मध्ये सुरू झाले आणि पैसा पुरेना म्हणून रेंगाळले. अखेर कंपनी सरकारने भर घातली तेव्हा कर्नल टॉमस कूपर यांनी आखलेली ही ग्रीक धाटणीची वास्तू १८३३ मध्ये पूर्ण झाली. उंच पायऱ्या आणि धिप्पाड खांब असलेल्या त्या इमारतीत संस्थेला ग्रंथालयासाठी आणि संग्रहासाठी दालने मिळाली. दरम्यान लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीशी जोडली जाऊन १८३० पासून संस्था तिची मुंबई शाखा झाली होती. १८४१ मध्ये शाखेचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. नाण्यांच्या अभ्यासासाठी ही घटना सर्वांत महत्त्वाची ठरली. नाणे पेटीत पडून राहिले तर ती केवळ मालमत्ता असते. ते कुठे सापडले, कशासोबत सापडले, वजन किती, अक्षरे कोणती, हे छापले गेले की इतरांना तपासता येतो असा पुरावा होतो. एशियाटिकने नाणी जमवली त्याहून अधिक त्यांच्या नोंदी जमवल्या, आणि संस्थेचे खरे मोठेपण त्यातच आहे.

संस्थेकडे नाणी येत ती बहुधा भेटीदाखल. गुजरात-काठेवाडात नेमणुकीवर असलेला एखादा डॉक्टर, मिशनरी किंवा महसूल अधिकारी सराफाकडून किंवा नांगरणीत सापडलेली चार नाणी घेई आणि मुंबईला पाठवी. त्यांत एक प्रकार वारंवार दिसे. चांदीचे, करंगळीच्या नखापेक्षा थोडे मोठे, सुमारे दोन ग्रॅम वजनाचे नाणे. एका बाजूस राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आणि भोवती न लागणारी ग्रीक वळणाची अक्षरे. दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा डोंगर, त्यावर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ आणि कडेने ब्राह्मी लेख. १८३७ च्या सुमारास कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि हा लेख वाचता येऊ लागला. ही पश्चिमी क्षत्रपांची नाणी होती. त्यांवर राजाच्या नावासोबत त्याच्या वडिलांचेही नाव असे, आणि दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून चेहऱ्यामागे शक संवताचे वर्षही कोरले जाऊ लागले. बापाचे नाव आणि साल देणारी इतकी सलग नाणेमाला प्राचीन भारतात दुसरीकडे क्वचितच आढळते. संस्थेचे अध्यक्षपद भूषवलेल्या न्यायमूर्ती न्यूटन यांनी १८६० च्या दशकात तिच्या आधारे काठेवाडच्या राजवंशांची मांडणी संस्थेच्या नियतकालिकात केली.

तोवर संस्थेचे रूप पालटू लागले होते. १८४० मध्ये माणकजी करसेटजी हे पहिले हिंदी सभासद झाले. गिरगावचे नाना शंकरशेट पहिल्या काही हिंदी सभासदांपैकी. बाळशास्त्री जांभेकर यांचे ताम्रपट आणि शिलालेखांवरील निबंध संस्थेच्या नियतकालिकात छापून आले. आणि मग आले डॉ. भाऊ दाजी लाड. दिवसा रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात लेण्यांतले लेख, पोथ्या आणि नाणी पाहायची, असा त्यांचा क्रम होता. ते संस्थेचे उपाध्यक्ष झाले. गिरनारच्या क्षत्रप लेखावर आणि अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनी लिहिले. पण त्यांनी केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे जुनागडच्या एका तरुणाला त्यांनी मुंबईत आणले. तो तरुण म्हणजे भगवानलाल इंद्रजी.

भगवानलाल इंग्रजी शाळेत शिकलेले नव्हते. गिरनारच्या शिळेवरची अक्षरे त्यांनी स्वतः घोकली आणि जुळवली होती. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीस ते भाऊ दाजींकडे आले आणि त्यांच्यासाठी देशभर हिंडून लेखांचे ठसे घेतले. भाऊ दाजी १८७४ मध्ये वारले, त्यानंतर भगवानलाल स्वतंत्रपणे संशोधन करू लागले. नाण्याच्या बाबतीत त्यांची नजर सराफाची आणि बुद्धी पंडिताची होती. क्षत्रपांची नाणी त्यांनी शेकड्यांनी पाहिली, वाचली आणि सालवार लावली.

भगवानलालांच्या पुढच्या शोधाचे मोल कळायला रोमन व्यापाराची थोडी पार्श्वभूमी हवी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक खलाशाने किंवा व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे सागरी मार्गदर्शक लिहिले. त्यात भडोच ‘बारिगाझा’ या नावाने येते, सोपारा ‘सुप्पारा’, कल्याण ‘कल्लिएना’ आणि चौल ‘सेमिल्ला’. पैठण आणि तेरहून गाड्यांनी माल भडोचला जातो असेही त्यात म्हटले आहे. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत रोमन सोन्याचांदीचे दिनार आहेत, आणि इथल्या नाण्यांशी त्यांचा विनिमय नफ्याचा होतो अशी स्पष्ट नोंद आहे. याच शतकात प्लिनीने रोममध्ये तक्रार केली की भारत दरसाल साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्सचा एक चांदीचा दिनार धरला तर ही रक्कम सव्वा कोटी दिनारांची होते.

एवढी चांदी आली, तर ती गेली कुठे? दक्षिणेत तिचा पत्ता लागतो. कोइमतूरजवळच्या वेल्लालूरला १८४२ मध्ये पाचशेवर रोमन चांदीची नाणी एकत्र सापडली. पुदुक्कोट्टैला १८९८ मध्ये ५०१ सोन्याची नाणी निघाली. दक्षिणेतल्या चांदीच्या निधींत दोनच प्रकार भरून असतात : ऑगस्टसचे, ज्याच्या मागे गायस आणि लुसियस हे त्याचे वारस ढाली-भाल्यांसह उभे आहेत, आणि तायबेरियसचे, ज्याच्या मागे एक स्त्री आसनावर बसलेली आहे. ही नाणी चोख चांदीची होती. एका रोमन पौंडात अशी ८४ पडत. इसवी सन ६४ मध्ये नीरोने ती ९६ पाडायला सुरुवात केली, कसही उतरवला, आणि भारतीय व्यापारी जुन्याच नाण्याला चिकटून राहिले. रोमची काशाची नाणी तर आरंभीच्या काळात इकडे फारशी आलीच नाहीत. त्यांचे मोल राजाज्ञेवर चाले, आणि परक्या किनाऱ्यावर त्या आज्ञेला किंमत नव्हती. काशाची बारीक रोमन नाणी दिसतात ती चौथ्या-पाचव्या शतकातली, तमिळनाडूत आणि श्रीलंकेत.

महाराष्ट्र-गुजरातेत मात्र रोमन चांदीचे निधी जवळजवळ नाहीतच. सोने क्वचित सापडते. सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळला १८४० मध्ये रोमन सोन्याची नाणी निघाली होती. ज्या किनाऱ्यावर दिनार उतरत असल्याचा लेखी पुरावा आहे तिथे दिनार नाहीत, याचे उत्तर नाणकशास्त्रज्ञांनी क्षत्रपांच्या टाकसाळीत शोधले. या भागात चांदीची मोठी खाण नव्हती, तरी क्षत्रपांनी तीनशे वर्षे चांदीचे नाणे पाडले. भडोचला आलेला दिनार मुशीत जाई, आटवला जाई आणि त्याच चांदीवर क्षत्रपाचा ठसा उमटे, असे अनुमान आज बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. दक्षिणेत चांदीचे स्थानिक चलन दुबळे असल्याने रोमन नाणे जसेच्या तसे जपले गेले. इथे ते मोडीत निघाले. टाऊन हॉलमध्ये जमत गेलेली क्षत्रपांची चांदी ही या अर्थाने रोमन चांदीच आहे, दुसऱ्या राजाच्या नावाने पुन्हा जन्मलेली.

१८८२ च्या एप्रिलमध्ये भगवानलालांनी सोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा टेकाड उकरला. गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांचे साह्य त्यांना होते. आत विटांचा स्तूप निघाला, त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती आणि मधोमध एकात एक बसवलेले करंडक : तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याची फुले होती, मातीच्या पात्राचे तुकडे होते. आणि एक चांदीचे नाणे होते, फारसे न झिजलेले. त्यावर राजाचा चेहरा होता आणि लेख होता सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचा. सातवाहनांचे नेहमीचे चलन शिसे, तांबे आणि मिश्रधातूचे. चेहऱ्याचे चांदीचे नाणे त्यांनी काढले ते क्षत्रपांच्या वळणावर, आणि चेहरा कोरण्याची ती रीत ग्रीक-रोमन जगातून क्षत्रपांकडे आली होती. सोपारा हे रोमन जहाजांना ठाऊक असलेले बंदर. त्याच बंदरातल्या स्तूपात हे नाणे सापडावे, यापेक्षा बोलका पुरावा कोणता? सोपाऱ्याचे अवशेष एशियाटिककडे आले. भगवानलालांचा सविस्तर वृत्तान्त त्याच वर्षी संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजही अभ्यासक त्या पानांपासूनच सुरुवात करतात.

या पर्वाला एक दुःखाची किनार आहे. भगवानलाल १६ मार्च १८८८ रोजी वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची नाणी व शिल्पे ब्रिटिश म्युझियमला गेली. मथुरेचा सुप्रसिद्ध सिंहशीर्ष स्तंभभागही त्यांतच होता. पश्चिमी क्षत्रपांवरचा त्यांचा अपुरा निबंध रॅप्सन यांनी संपादून १८९० मध्ये लंडनला छापला. मुंबईला असा संग्रह सांभाळणारे सुरक्षित, सार्वजनिक घर तेव्हा नव्हते, हे लक्षात घेतले तर त्या निर्णयाचा अर्थ लागतो. तरीही मुंबईची ही हानी भरून निघाली नाही.

जमिनीतून निघणारी नाणी हाताबाहेर जाऊ नयेत यासाठी मात्र १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा उपयोगी पडला. जमिनीत सापडलेले दहा रुपयांवरील किमतीचे गुप्तधन सरकारला कळवणे त्याने बंधनकारक झाले. सरकारने ते घेतले तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश रक्कम अधिक द्यावी, अशी तरतूद होती. मुंबई इलाख्यातल्या अशा निधींतली नाणी तपासणीसाठी टाऊन हॉलकडे येऊ लागली. शेतकरी, गावकामगार पाटील, मामलेदार, कलेक्टर अशी ती साखळी. तिच्यातल्या बहुतेकांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, पण संग्रहातल्या कित्येक नाण्यांचे पहिले जतनकर्ते तेच.

तपासणीचा भार मानद चिटणिसांवर पडे. सर्जन ऑलिव्हर कॉड्रिंग्टन हे त्यांतले ठळक नाव. भडोचला मिळालेल्या एका निधीवर त्यांनी १८८० च्या दशकात लिहिले. त्यात इजिप्तच्या सुलतानांची नाणी होती, व्हेनिसचीही होती. रोमन काळाला हजार वर्षे उलटल्यावरही भूमध्य समुद्राचे सोने त्याच बंदरात उतरत होते, हे त्या निधीने दाखवले. व्हेनिसच्या त्या सोन्याच्या पुतळ्या आपल्या बायकांच्या पुतळीमाळेत जाऊन बसल्या. परदेशी नाणे टिकण्याचा हाही एक मार्ग होता, आणि भारतात मिळणाऱ्या कित्येक रोमन मोहरांना भोक पाडलेले असते ते याच कारणाने. गोव्यात जन्मलेले डॉ. जे. गर्सन द कुन्या हे याच पिढीतले. चौल आणि वसईच्या इतिहासावरचे त्यांचे पुस्तक १८७६ चे. इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरची त्यांची लेखमाला हा त्या विषयाचा पाया मानला जातो. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग संस्थेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. ज्या सभेत कधी हिंदी माणसाला प्रवेश नव्हता, तिच्या अध्यक्षस्थानी गीतेचा भाषांतरकार बसला.

नाणेसंग्रहाच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग १९०६ चा. नाशिक जिल्ह्यात, गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तिथे चांदीच्या नाण्यांचा निधी निघाला. तो रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांच्यापुढे आला तेव्हा मोजदाद १३,२५० च्या वर गेली. दोन ग्रॅमच्या हिशेबाने पंचवीस किलोहून अधिक चांदी. सगळी नाणी एकाच राजाची, क्षहरात क्षत्रप नहपानाची. तोवर नहपान ठाऊक होता तो नाशिक, कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांमुळे. त्याचा जावई उषवदात याने पांडवलेण्यांतल्या एका लेखात सत्तर हजार कार्षापणांचे दान नोंदवले आहे आणि पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण हा भावही दिला आहे. लेखातला हा हिशेब ज्या चलनात झाला असेल, ते चलन आता ढिगाने समोर होते.

त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा होता. नहपानाचा चेहरा आणि नाव यांच्यावरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे हाणली होती. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर आणि त्याचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. कित्येक नाण्यांवर खालचा राजा आणि वरचा राजा दोघेही वाचता येतात. गौतमीपुत्राची आई बळश्री हिच्या नाशिक लेखात तिच्या मुलाने क्षहरातांचा वंश संपवल्याचे म्हटले आहे. त्या लेखाची सत्यता या निधीने चांदीवर सिद्ध केली. नहपान आणि गौतमीपुत्र समकालीन होते, हे त्यापूर्वी तर्काने मानले जाई. जोगलटेंभीनंतर ते ज्ञात इतिहास झाले.

स्कॉट यांचा सविस्तर निबंध संस्थेच्या नियतकालिकात आला आणि त्यातले एक निरीक्षण रोमन प्रश्नाला थेट भिडणारे आहे. नाव एकच असूनही या नाण्यांवरचे चेहरे एकसारखे नाहीत. कुठे तरुण, कुठे वृद्ध. नाक-हनुवटीची ठेवणही वेगळी. स्कॉट यांनी ते तत्कालीन रोमन नाण्यांवरच्या चेहऱ्यांशी ताडून पाहिले आणि ठसे कोरणाऱ्यांपुढे रोमन नाणी नमुन्यादाखल असावीत असे सुचवले. पुढच्या अभ्यासकांनी यावर वेगळी मतेही दिली. तरी टाकसाळीत रोमन दिनार धातू म्हणूनही आला असेल आणि नमुना म्हणूनही, ही कल्पना तेव्हापासून अभ्यासात रुजली. हजारो नाण्यांची तपासणी, प्रत्येकाच्या दोन्ही बाजू, त्यांवरच्या ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरांची वाचने, आणि त्या अक्षरांचा ऱ्हास कसकसा होत गेला याची नोंद. हे काम स्कॉट यांनी संगणक आणि सुलभ छायाचित्रण नसलेल्या काळात केले. मुंबईच्या नाणकशास्त्रात त्या निबंधाच्या तोडीचे फार थोडे लेखन आहे.

शहरात नाण्यांना दुसरे मोठे घर मिळण्याची हालचाल याच सुमारास सुरू झाली. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला बसली. जॉर्ज विटेट यांनी उभारलेली ती इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालयासाठी गेली आणि संग्रहालय म्हणून १० जानेवारी १९२२ रोजी उघडली. एशियाटिकने आपल्याकडची कित्येक शिल्पे आणि शिलालेख तिकडे दिले. स्वतःच्या दालनात ठेवून मिरवण्यापेक्षा लोकांना दिसतील अशा ठिकाणी ती जावीत, हा निर्णय संस्थेच्या मोठेपणाला साजेसा होता. पुढे निधींच्या तपासणीचे केंद्रही हळूहळू संग्रहालयाकडे सरकले. ग. व. आचार्य आणि छ. र. सिंघल यांनी तेथील गुजरातच्या सुलतानांच्या नाण्यांची सूची १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. संग्रहालयाचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांनी ‘सार्थवाह’ या ग्रंथात प्राचीन व्यापारी मार्गांचा मोठा पट मांडला, आणि तेथील नाणेविभाग काही वर्षे सांभाळणारे परमेश्वरीलाल गुप्त यांनी १९६५ मध्ये आंध्रातील रोमन नाण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अलाहाबादला १९१० मध्ये न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली तेव्हा संस्थापकांत मुंबईचे फ्रामजी ठाणावाला होते. टाऊन हॉलमध्ये सुरू झालेले काम असे अनेक घरांत वाटले गेले.

महाराष्ट्राच्या जमिनीतूनही पुरावा वाढत होता. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझ मूर्ती निघाली. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीतून जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय झाले. रोमन नाण्यांच्या मातीत काढलेल्या छापांचा, गळ्यात घालण्याजोग्या बिल्ल्यांचा, शोध अनेक सातवाहन स्थळांवर लागला. नाणे आटले तरी त्याची नक्कल दागिना म्हणून मागे उरली होती.

स्वातंत्र्यानंतर लंडनशी असलेले नाते संपवून संस्था १९५५ पासून ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ झाली. गिरगावच्या आंग्रेवाडीत राहणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे हे या काळातले तिचे आधारस्तंभ. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे काम या ग्रंथालयाशिवाय पुरे झाले नसते, असे म्हणायला हरकत नाही. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. पदव्युत्तर अध्ययन-संशोधनासाठी पुढे त्यांच्या नावाने संस्थेत केंद्र उभे राहिले.

हा काळ सुखाचा नव्हता. त्याच छपराखाली राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आले. पुस्तकांची आवक वाढत गेली, जागा तेवढीच राहिली. अनुदान अपुरे, वर्गणी तुटपुंजी, आणि इमारत दीडशे वर्षे जुनी. छप्पर गळण्यापासून वाळवीपर्यंत सर्व आघाड्यांवर तोंड देता देता ग्रंथांना आधी वाचवावे लागले. नाण्यांकडे त्यामानाने कमी लक्ष गेले, हे मान्य करावे लागेल. समुद्राकाठच्या शहरात नाणी टिकवणे मुळात कठीण. खाऱ्या दमट हवेत तांब्या-काशाच्या नाण्यावर हिरवट भुकटी धरते आणि वेळीच उपाय झाला नाही तर ती धातू पोखरत जाते. चांदी काळवंडते. घासून चकचकीत करण्याचा मोह झाला की अक्षरे जातात. नाणे कोरडे ठेवायचे, कडेने धरायचे, आपल्या जागेवर आपल्या चिठ्ठीसह ठेवायचे. पिढ्यान्पिढ्या अल्प पगारावर राबलेल्या कर्मचाऱ्यांनी ही शिस्त पाळली म्हणून आज संग्रह आहे. अहवालांत त्यांची नावे क्वचित येतात. या वाटचालीत त्यांचा वाटा कोणत्याही अध्यक्षापेक्षा कमी नाही.

२००२ मध्ये संस्थेच्या नावात ‘मुंबई’ आले. २००४ मध्ये तिला दोनशे वर्षे झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, टाऊन हॉलपासून पायी अंतरावर, रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. नाण्यांच्या अभ्यासकाला आज फोर्टमध्येच तीन ठिकाणी जाता येते. डॉ. अरुण टिकेकर यांच्यासारख्या अध्यक्षांनी संस्थेचे काम वाचकांपर्यंत नेले. गेल्या दशकात टाऊन हॉलची डागडुजी झाली आणि ‘ग्रंथसंजीवनी’ या उपक्रमातून जुनी पुस्तके, नकाशे व नियतकालिके संगणकावर आणली जाऊ लागली. आता न्यूटन किंवा भगवानलाल यांचे लेखन शोधणाऱ्याला ठिसूळ पाने उलटावी लागत नाहीत.

मुंबईत रोमन नाणी जमवणारे हौशी संग्राहकही आज आहेत. बाजारात येणारा माल मुख्यतः दक्षिणेतला किंवा विलायतेतून आलेला असतो, आणि त्यात ओतीव नकलांचे प्रमाण मोठे. खऱ्या दिनाराची कड हातोडीच्या घावाने थोडी फाकलेली असते. ओतीव नाण्याच्या कडेला शिवण दिसते, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे राहतात आणि वजन कमी भरते. शंभर वर्षांवरचे नाणे बाळगायला कायद्याची हरकत नाही, पण ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीतून निघालेला निधी परस्पर विकणे आजही गुन्हा आहे, आणि कायद्याहून मोठे कारण असे की सराफाकडे फुटलेल्या निधीला इतिहास कायमचा मुकतो. जोगलटेंभीची नाणी पुढे अनेक संग्रहांत विखुरली, पण विखुरण्याआधी ती एकत्र मोजली गेली होती.

ही मोजणी आता नव्या कामाला येत आहे. क्ष-किरणांच्या साह्याने नाण्याला ओरखडा न काढता त्यातली चांदी, तांबे, शिसे आणि सोन्याचा अंश मोजता येतो. शिशाच्या समस्थानिकांवरून चांदी कोणत्या खाणीतली, याचाही माग काढता येतो. रोमन दिनार ज्या स्पेनच्या खाणींतल्या चांदीचे होते तिच्या खुणा आज ठाऊक आहेत. नहपानाच्या आणि त्याच्यानंतरच्या क्षत्रपांच्या चांदीची अशी तुलना झाली, तर गेल्या शतकातले अनुमान पुराव्यावर तपासता येईल. या तपासणीला नाणी कोणत्या निधीतली, कोणत्या क्रमाची आणि कोणत्या ठशाची हे आधी माहीत असावे लागते, आणि जोगलटेंभीपुरती ती माहिती एशियाटिकच्या नियतकालिकात स्कॉट यांच्या कोष्टकांत छापलेली आहे.